साबण, वस्तरा आणि विडंबन

दिवाळी अंक हाती आला की वाचक प्रथम अनुक्रमणिका पाहतो, मग आपल्या आवडत्या लेखकाचे पान काढतो, आणि अधूनमधून, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, जाहिराती वाचतो. ही शेवटची गोष्ट तो चारचौघांत कबूल करीत नाही. 'मी जाहिराती कधीच वाचीत नाही,' असे ठासून सांगणाऱ्या एखाद्या गृहस्थाला सहज विचारून पाहा, की दात शुभ्र करणारी पावडर कोणती, कपडे लखलखीत करणारा साबण कोणता आणि गुडघेदुखीवरचे तेल कोणते. तिन्हींची नावे तो न अडखळता सांगेल, आणि वर एखादीची चालही गुणगुणून दाखवील. शाळेत सहा महिने घोकून जी कविता पाठ झाली नाही, तिच्या जागी साबणाच्या ओळी कधी येऊन बसल्या, हे त्या बिचाऱ्याचे त्यालाही कळलेले नसते.

पण खरी मौज पुढेच आहे. याच जाहिरातीची कुणी हुबेहूब नक्कल केली, एखादा शब्द इकडचा तिकडे केला, की हाच गृहस्थ पोट धरून हसतो. मोती साबणाच्या जाहिरातीत दिवाळीच्या पहाटे दारोदार जाऊन लोकांना अभ्यंगस्नानासाठी उठवणारे ते वृद्ध गृहस्थ आठवा. दिवाळी जवळ आली की त्यांच्या चित्राखाली नवनव्या ओळी लिहून लोक एकमेकांना धाडतात, आणि घरोघर फराळाच्या आधी हा खुसखुशीत फराळ वाटला जातो. आता विचार केला तर साबणाच्या वडीत हसण्यासारखे काही नाही. मूळ जाहिरातही काही विनोदी नाही. मग नक्कलेत हा विनोद येतो कोठून? अडीचशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या देशांतल्या माणसांनी दुकानातल्या वस्तूंची थट्टा कशी केली, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर थोडेबहुत हाती लागते. शिवाय ही थट्टा दिसते तितकी निरुपद्रवी नाही, आणि दिसते तितकी निरुपयोगीही नाही, हेही कळून येते.

मराठी वाचकाला विडंबन नवे नाही. केशवकुमारांच्या 'झेंडूच्या फुलां'नी आपल्याला ही कला शिकवली. परंतु कवितेच्या विडंबनाला एक मोठी अडचण असते. ज्याने मूळ कविता वाचलेली नाही, त्याला विडंबन म्हणजे नुसता वेडेपणा वाटतो. म्हणून काव्यविडंबनाचा रसिक हा नेहमीच मूठभर. जाहिरातीचे तसे नाही. तिचे पाठांतर साऱ्या गावाला सक्तीने करावे लागते. पंडित आणि निरक्षर, आजी आणि नात, शेठजी आणि हमाल, सर्वांना ठाऊक असलेले असे वाङ्मय आजच्या जगात दुसरे फारसे उरलेले नाही. विडंबनकाराला आयता मिळालेला हा केवढा मोठा श्रोतृवर्ग!

या थट्टेचा एक जुना आणि चांगला मासला इंग्लंडात सापडतो. १७५९ सालच्या जानेवारीत डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या 'आयडलर' या लेखमालेत जाहिरातींवर एक निबंध लिहिला. वर्तमानपत्रांत जाहिरातींची इतकी गर्दी झाली आहे की लोक त्यांवरून नुसती नजर फिरवतात, आणि म्हणून लक्ष वेधण्यासाठी प्रत्येकाला आदल्यापेक्षा मोठे वचन द्यावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी काही नमुने सांगितले. त्यांत दाढीच्या साबणाचा एक गोळा आहे. त्याचा अद्भुत गुण असा की त्याने म्हणे वस्तऱ्यालाच धार चढत असे! लहान मुलांचे दात सुखाने यावेत म्हणून गळ्यात घालायची माळही त्या निबंधात आहे. तिची शिफारस करणारा वात्सल्याने असा काही गहिवरला आहे, की जी आई ही माळ घेणार नाही तिला पुढे जन्मभर पश्चात्ताप करावा लागेल असे तो बजावतो.

यात जॉन्सनसाहेबांनी पदरचे घातले किती? जवळजवळ काहीच नाही. विक्रेत्याचे म्हणणे त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने पुन्हा सांगितले, एवढेच. बाजारात ओरडून सांगितलेली गोष्ट दिवाणखान्यात शांतपणे उच्चारली की तिचे हसू होते. विडंबनाची ही पहिली पायरी होय. आणि योगायोग असा, की साबण आणि वस्तरा या ज्या दोन वस्तूंची त्यांनी गाठ घालून दिली, त्याच दोन वस्तू पुढच्या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा आपल्याला भेटणार आहेत.

प्रथम साबण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पेअर्स साबणाच्या पेढीत टॉमस बॅरट नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. पेअर्स घराण्याचे ते जावई. जाहिरात हे केवळ सूचनापत्र नसून ती एक स्वतंत्र विद्या आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांची गणना होते. सर जॉन मिले या नामवंत चित्रकाराने साबणाचे फुगे पाहणाऱ्या आपल्या नातवाचे एक सुंदर चित्र काढले होते. बॅरट यांनी ते विकत घेतले, त्यात साबणाची एक वडी रंगवून घेतली आणि ते घरोघर पोहोचवले. या बॅरट यांनी १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या काळची रूपवती नटी लिली लँग्ट्री हिच्याकडून एक शिफारसपत्र मिळवले. पेअर्स वापरू लागल्यापासून आपण बाकीचे सारे साबण सोडून दिले आहेत, असा त्याचा आशय होता. नामवंतांच्या तोंडून मालाची स्तुती करवून घेण्याची जी चाल आज आपण पदोपदी पाहतो, तिच्या आरंभीच्या गाजलेल्या उदाहरणांपैकी हे एक. ही चाल आपल्याकडेही आली. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी आपल्याच लीला चिटणीस होत.

आता लँग्ट्रीबाईंच्या पत्राचे पुढे काय झाले ते पाहा. २६ एप्रिल १८८४ च्या 'पंच' साप्ताहिकात हॅरी फर्निस या व्यंगचित्रकाराने एक चित्र काढले. फाटके कपडे, वाढलेली दाढी, विस्कटलेले केस, अंगावर मळाची पुटे, असा एक भणंग माणूस लेखणी घेऊन टेबलाशी बसला आहे आणि साबणवाल्यांना शिफारसपत्र लिहितो आहे. मजकूर असा, की दोन वर्षांपूर्वी मी आपला साबण वापरला. तेव्हापासून दुसरा कोणताही वापरलेला नाही.

या चित्राने सारे लंडन हसले. आणि आज, लँग्ट्रीबाई कोण हे ठाऊक नसतानाही आपण हसतो. का बरे? त्या भणंगाच्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. लँग्ट्रीबाईंनी जे सांगितले तेच तोही सांगतो: हा साबण वापरल्यावर दुसरा वापरला नाही. वाक्य तेच, वचन तेच, साबण तोच. बदलले ते फक्त बोलणाराचे तोंड. आणि तेवढ्याने कळून येते की मूळ वाक्यातही फारसा अर्थ नव्हता. त्याला वजन होते ते सुंदर चेहऱ्याचे. भरजरी शालूत गुंडाळून आणलेली वस्तू शालू काढून टाकल्यावर मुळा निघावी, तशी आपली गत होते. हसू येते ते त्या मुळ्याचे नव्हे. इतका वेळ आपण शालूलाच नमस्कार करीत होतो, याचे.

येथे विडंबनाचा दुसरा नियम हाती लागतो. उत्तम विडंबन खोटे बोलत नाही. ते जाहिरातीचा वेष, तिची भाषा, तिची ऐट सारे काही जसेच्या तसे ठेवते आणि त्या वेषातून एक साधे सत्य बाहेर काढते. सोंग जितके हुबेहूब, तितके सत्य अधिक झोंबणारे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. पेअर्सवाले रागावतील, फिर्याद लावतील, अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. त्यांनी त्या चित्राचा हक्क मिळवला, खाली आपले नाव घातले आणि तेच चित्र जाहिरात म्हणून पुढे वर्षानुवर्षे छापले! ज्या चित्राने साबणाची टर उडवली त्याच चित्राने साबण विकला. व्यापाऱ्याने विडंबनकाराला कोर्टात खेचले नाही, दुकानात बसवले. हा खेळ लक्षात ठेवावा. पुढच्या शतकात तो अनेकदा खेळला गेला.

आता अटलांटिक ओलांडू. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि मंदीचा फेरा आला. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत अमेरिकन जाहिरातीने एक नवे शस्त्र शोधले होते; ते म्हणजे भीती. लिस्टरिन हे मूळचे १८७९ सालचे, शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे जंतुनाशक. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तोंडाच्या दुर्गंधीला एक भारदस्त वैद्यकीय नाव देऊन हेच पाणी चुळा भरण्यासाठी घरोघर पोहोचवण्यात आले. लग्न जुळत नाही? बढती मिळत नाही? मैत्रिणी टाळतात? तुमच्या तोंडाला वास येत असेल, आणि तो तुम्हाला कुणी सांगणार नाही! रोग आधी विकायचा आणि मग औषध, असा हा सरळ हिशेब होता.

लोकांच्या खिशात पैसा होता तोवर हे खपून गेले. खिसे रिकामे झाले तेव्हा लोकांना या जाहिरातींचा राग आला. आणि त्या रागाला हसण्याची वाट करून दिली ती 'बॅलिहू' नावाच्या मासिकाने. १९३१ च्या उन्हाळ्यात प्रकाशक जॉर्ज डेलाकोर्ट आणि संपादक नॉर्मन अँथनी यांनी ते काढले. त्या सुमारास सिगारेटची पाकिटे ताजी राहावीत म्हणून सेलोफेनमध्ये गुंडाळण्याची टूम निघाली होती आणि तिचा मोठा गाजावाजा चालला होता. 'बॅलिहू'ने आपला अंकच सेलोफेनमध्ये गुंडाळून विकायला ठेवला, जणू काही विनोदही शिळे होण्याची धास्ती होती! आत बनावट जाहिराती. टूथपेस्टच्या, साबणाच्या, सिगारेटच्या. काही महिन्यांत या मासिकाचा खप दहा लाखांच्या पलीकडे गेला. जेवायची भ्रांत असलेल्या देशाने जाहिरातींना हसण्यासाठी पैसे मोजले, ही गोष्ट साधी नव्हे. माणूस वस्तू घेऊ शकत नाही तेव्हा त्या वस्तूच्या जाहिरातीकडे तो पहिल्यांदाच नीट पाहतो. पण या मासिकाचाही पेअर्सचा भणंग झाला. आपल्या मालाची थट्टा याच पानांतून व्हावी म्हणून पैसे मोजणारे व्यापारी पुढे आले. १९३९ साली ते बंद पडले.

त्याच गावातून, न्यूयॉर्कहून, १९५२ साली हार्वी कुर्ट्झमन आणि विल्यम गेन्स यांनी 'मॅड' सुरू केले. आरंभी ते चित्रकथांचे पुस्तक होते. १९५५ साली त्याला मासिकाचे रूप आले. 'मॅड'ने एक मोठी शहाणपणाची गोष्ट केली. १९५७ पासून २००१ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, त्याने खऱ्या जाहिराती घेतल्याच नाहीत. छापल्या त्या सगळ्या बनावट. ज्याच्या ताटात जेवायचे त्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवता येत नाहीत, हा व्यवहार त्यांना कळला होता. अंकाची किंमत वाचकाने द्यावी आणि थट्टा वाचकाच्या वतीने व्हावी, असा तो सरळ करार होता. अमेरिकेतल्या दोन पिढ्या जाहिरातीकडे तिरप्या डोळ्याने पाहायला शिकल्या, त्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे.

याच काळात ही विद्या पोरांच्या खिशातही शिरली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९६७ साली आणि पुन्हा १९७३ साली 'वॅकी पॅकेजेस' या नावाची चित्रे काढली. चघळायच्या गोंदाच्या पाकिटात ही चित्रे मिळत. किराणा दुकानातल्या प्रसिद्ध मालाची हुबेहूब वेष्टने, फक्त नावात एखाद्या अक्षराची गफलत. 'वीटीज' हे गव्हाच्या पोह्यांचे, पहिलवानांचे खाणे म्हणून मिरवणारे नाव; येथे ते 'वीकीज' झाले, म्हणजे अशक्तांचे खाणे! नॉर्मन सॉन्डर्स या मुरलेल्या चित्रकाराने ती वेष्टने इतकी बारकाईने रंगवली, की दुकानाच्या फळीवर ठेवली तर घाईतली बाई ती पिशवीत टाकील. कल्पना पुरवणाऱ्यांत आर्ट स्पीगलमन होता. नाझी छळछावण्यांवरच्या चित्रकथेसाठी १९९२ साली पुलित्झर पारितोषिकाने गौरवला गेला तोच हा. काही काळ ही चित्रे बेसबॉलपटूंच्या चित्रांपेक्षाही अधिक खपली. आठ-दहा वर्षांच्या पोरांना यात काय एवढे दिसले असेल? घरात आई जे डबे पूज्यभावाने फळीवर मांडते, त्यांनाही नाव बदलून हसता येते, हे दिसले. अक्षर बदलले की राजा उघडा पडतो, हे मुलाला ज्या दिवशी कळते त्या दिवशी त्याचे बालपण थोडेसे संपते.

आता वस्तऱ्याकडे वळू. जॉन्सनच्या साबणाने धार चढवलेला हा वस्तरा दोनशे वर्षांनंतर जो काही गाजला, त्याला विडंबनाच्या इतिहासात तोड नाही. १९७१ साली जिलेट कंपनीने दोन पात्यांचा वस्तरा आणला. एक पाते केस ओढून वर काढते, दुसरे तो कापते, असे त्याचे शास्त्र सांगितले जाई. चारच वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९७५ रोजी, अमेरिकेच्या दूरदर्शनवर एक नवा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या नावाने जगभर प्रसिद्धी पावला. त्याच्या पहिल्याच भागात एक बनावट जाहिरात होती: तीन पात्यांचा वस्तरा! दोन पाती केसाला बेजार करतात आणि तिसरे त्याचा निकाल लावते, असे त्याचे शास्त्र, आणि शेवटी प्रेक्षकांना दिलेली चपराक अशी, की तुम्ही काय, कशावरही विश्वास ठेवाल. दोनाचे तीन होणे हा त्या काळी निव्वळ वेडेपणा होता. म्हणून लोक हसले.

१९९८ साली जिलेटने खरोखरच तीन पात्यांचा वस्तरा बाजारात आणला. तो घडवण्यासाठी सुमारे ७५ कोटी डॉलर खर्च झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. २००३ साली प्रतिस्पर्धी शिक कंपनीने चार पाती लावली. मग २००४ च्या फेब्रुवारीत 'द अनियन' या विनोदी वृत्तपत्राने जिलेटच्या प्रमुखाच्या नावाने एक बनावट लेख छापला. त्यात तो प्रमुख संतापाने शिव्या हासडीत जाहीर करतो, की त्यांनी चार लावली काय? मग आम्ही पाच लावतो! वाचक हसून लोटपोट झाले. आणि २००५ च्या सप्टेंबरात जिलेटने पाच पात्यांचा वस्तरा जाहीर केला; पुढच्या वर्षी तो दुकानात आला. पाठीमागे आणखी एक पाते जादा! पुढे एका कोरियन कंपनीने सात पात्यांपर्यंत मजल मारली.

येथे विडंबनकार हरला की जिंकला? अतिशयोक्ती करावी तर व्यापारी ती खरी करून दाखवतो; थट्टेची मर्यादा आणि मालाची मर्यादा यांची शर्यत लागते. पण नीट पाहिले तर या प्रसंगाने हसण्याचे आणखी एक कारण उघडे केले. वस्तूचा आकार आणि तिच्याविषयीच्या शब्दांचा आकार यांत जेव्हा अफाट अंतर पडते, तेव्हा त्या दरीत हसू जन्मते. गालावरचे चार केस काढायचे आहेत. आणि भाषा मात्र चंद्रावर स्वारी करणाऱ्या सेनापतीची. विडंबनकार हे अंतर नव्याने निर्माण करीत नाही. तो फक्त कंदील धरतो आणि खाली दरी आहे हे दाखवतो.

अलीकडच्या काळात हा कंदील प्रत्येकाच्या हाती आला. इंटरनेटवरच्या दुकानांत गिऱ्हाइकाला मालाविषयी अभिप्राय लिहिण्याची सोय झाली, आणि लोकांनी त्या जागेचे रंगभूमीत रूपांतर केले. २००८ साली एका कायद्याच्या विद्यार्थ्याने, चंद्राकडे पाहून ओरडणाऱ्या तीन लांडग्यांचे चित्र असलेल्या एका सदऱ्याविषयी लिहिले, की तो अंगात घालताच आपल्याला अलौकिक सामर्थ्य प्राप्त झाले आणि स्त्रिया मोहित झाल्या. त्यामागून शेकडो लोकांनी आपापले साक्षात्कार लिहिले. केळ्याच्या चकत्या करण्याच्या एका पिवळ्या साधनाची स्तुती करताना लोकांनी लिहिले, की याने आमचा संसार वाचवला. इतकी वर्षे आम्ही सुरीने केळे कापीत होतो, ते दिवस आठवले की डोळ्यांत पाणी येते. २०१२ साली बिक कंपनीच्या 'खास स्त्रियांसाठी' काढलेल्या गुलाबी-जांभळ्या पेनांवर तर बायकाच तुटून पडल्या. त्यांनी मानभावीपणे आभार मानले, की आजवर पुरुषांची पेने आमच्या नाजूक बोटांना पेलत नव्हती, म्हणून आम्ही लिहीतच नव्हतो, आता लिहू! अशा हजारो अभिप्रायांत शिवी नाही, तक्रार नाही. सगळी स्तुतीच स्तुती. आपल्याकडे याला व्याजस्तुती म्हणतात, आणि सासुरवाशिणींनी जात्यावर ती पुरेपूर वापरलेली आहे. ज्याला उघड बोलता येत नाही त्याचे हे जुने हत्यार. फक्त जात्याची घरघर जाऊन तेथे कळफलकाची टकटक आली.

आणि व्यापारी? लांडग्यांच्या सदऱ्याचा खप २००९ साली कित्येक पटींनी वाढला. म्हणजे पुन्हा पेअर्सचा भणंग! आपल्याकडे अमूलने तर ही युक्ती पहिल्यापासूनच हातात ठेवली. १९६६-६७ पासून मुंबईच्या फलकांवर ती ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी जगाची थट्टा करीत लोणी विकते आहे. थट्टा करणाराची थट्टा करणे कठीण, हे तेथे कुणाला तरी बरोबर कळले.

मग विडंबनाने साधले काय? हसलो, आणि हसत हसत माल घेतला, एवढेच ना? हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर आणखी दोन गोष्टींत सापडते.

पहिली गोष्ट उंटाची. अमेरिकेत १९८८ पासून कॅमल सिगारेटच्या जाहिरातींत काळा चष्मा लावलेला, ऐटबाज, चित्रातला एक उंट असे. १९९१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की सहा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९१ टक्के मुलांनी त्या उंटाची सिगारेटशी अचूक जोडी लावली. मिकी माउसच्या ओळखीइतकीच ही ओळख पक्की होती. पुढे कॅनडातल्या व्हँकूवरच्या 'अॅडबस्टर्स' या नियतकालिकाने तोच उंट पुन्हा काढला, पण इस्पितळातला: केस झडलेले, चेहरा ओढलेला, कर्करोगावरचे उपचार चालू असलेला. चित्राची धाटणी तीच, नावातही फक्त एक-दोन अक्षरांचा बदल. या चित्राचा हक्क विकत घेऊन कोणती सिगारेट कंपनी त्याखाली आपले नाव घालणार होती? १९९७ साली खटले आणि सरकारी दडपण यांच्यापुढे कंपनीने तो उंट मागे घेतला. चित्राने एकट्याने उंट हाकलला असे नव्हे. पण ज्याला मुले खेळगडी समजत होती, त्याचा खरा चेहरा त्या चित्राने दाखवला.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. ओडिशाच्या किनाऱ्यावर धामरा येथे बंदर होत होते. टाटा स्टील त्यात भागीदार होती. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे जेथे अंडी घालायला येतात तो गहिरमाथाचा किनारा तेथून जवळच. ग्रीनपीस या संस्थेने २०१० साली इंटरनेटवर एक खेळ ठेवला. त्यात बिचारे कासव तोंड वासून जीव वाचवीत पळते आणि त्याच्या मागे टाटांचे बोधचिन्ह राक्षस होऊन लागते. टाटा सन्सने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. बोधचिन्हाचा गैरवापर आणि बदनामी यांबद्दल दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली आणि खेळ थांबवण्याचा हुकूम मागितला. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी असा तात्पुरता मनाई हुकूम देण्यास नकार दिला. सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर टीका करताना बोधचिन्हाची अतिशयोक्त थट्टा करणे, हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग ठरू शकतो, असा त्या निर्णयाचा रोख होता. बंदर झाले ते झालेच. पण कासवाची बाजू हसत हसत मांडण्याचा हक्क मात्र शाबूत राहिला.

अर्थात प्रत्येक नक्कल या हक्काखाली मोडत नाही. अमेरिकेत एका कंपनीने जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखे दिसणारे, कुत्र्यांनी चावायचे एक रबरी खेळणे काढले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने व्हिस्कीवाल्यांच्या बाजूने कौल दिला. विनोद असला तरी त्या नक्कलेचा वापर आपल्याच मालाची खूण म्हणून करीत असाल, तर विनोदाच्या नावाखाली खास सवलत मिळणार नाही, असा त्याचा सारांश. म्हणजे कायद्यानेही एक बारीक रेघ ओढली आहे: थट्टा सत्य सांगण्यासाठी आहे की दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्यासाठी?

आपण वाचकांनीही हीच रेघ मनाशी ओढून ठेवावी. विडंबनाचे दोन प्रकार. एक, जे व्यापाऱ्याला विकत घेता येते. ते आपली करमणूक करते, आणि करमणूक काही वाईट नव्हे. दुसरे, जे त्याला कोणत्याही किमतीला विकत घेता येत नाही, कारण ते छापले तर मालच खपणार नाही. भणंगाचे चित्र पेअर्सला परवडले, कारण साबण मुळात चांगला होता. अंघोळ न करणे हा दोष भणंगाचा, साबणाचा नव्हे. उंटाचे चित्र सिगारेटला परवडण्यासारखे नव्हते, कारण तेथे दोष मालातच होता. तेव्हा एखाद्या मालाचा खरेपणा पारखायचा असेल तर ही एक सोपी कसोटी आहे: त्याची थट्टा मालकाला सोसवते का, ते पाहावे. जो थट्टेत सामील होतो त्याच्या मालात निदान विष नसावे. जो थट्टा ऐकताच वकील धाडतो, त्याचा डबा जरा उलटून मागची बारीक अक्षरे वाचावीत.

राहता राहिला मूळ प्रश्न, की आपण इतके हसतो का? तो माल आपल्याच घरात असतो, म्हणून. केळे कापण्याचे यंत्र आपणच घेतलेले असते, पाच पात्यांचा वस्तरा आपल्याच न्हाणीघरात असतो, आणि सुंदर नटीचे ऐकून साबण बदलणारे आपणच असतो. विडंबन आपल्याला हे रागावून सांगत नाही. रागावून सांगितले असते तर आपण ऐकलेच नसते. ते आपल्याला दुकानदाराच्या शेजारी न बसवता आपल्याच शेजारी बसवते आणि हळूच कोपराने ढोसते. फसलेला माणूस एकटा असला तर खिन्न होतो. शेजारीही तसाच फसला आहे असे दिसले की दोघेही हसतात.

अंक येथपर्यंत वाचून झाला असेल तर फराळाचे ताट जवळ ओढावे आणि पुढची पाने उलटावीत. तेथे जाहिराती असतील. त्या अवश्य वाचाव्यात, कारण त्यांच्यामुळेच अंक आपल्याला या किमतीत मिळतो. मात्र वाचताना घरातल्या एखाद्या चुणचुणीत पोराला जवळ बसवून प्रत्येकीतले एखादे अक्षर बदलायला सांगावे. दहा मिनिटांत घर हसण्याने भरून जाईल, आणि पुढच्या महिन्याच्या वाणसामानाची यादी दोन ओळींनी आखूड होईल.